बुरशीबाईची धडधाकट रोपं

झाडांजवळ काम करणाऱ्या बहुतेकांना झाडं जगवायचा पगार मिळतो. बाईंना तो रोपं आजारी पाडायचा मिळायचा. बियाणं तपासणाऱ्या एका संस्थेच्या आवारात पार टोकाला, गोदामाच्या मागं, एक बुटकी इमारत होती आणि तिथं काकडीच्या रोपांवर भुरी आणणं हे बाईंचं काम होतं. भुरी म्हणजे तीच, वेलीच्या पानांवर पीठ सांडल्यासारखी दिसणारी पांढरी बुरशी. कुणाच्या बागेत ती आली की माणसं हळहळतात. बाईंच्या खोलीत आली की बाई समाधानानं मान हलवायच्या. संस्थेतली माणसं तोंडावर त्यांना बाई म्हणायची आणि पाठीमागं बुरशीबाई. पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते याचं, की हल्ली त्या नावाला जागणं काही जमत नव्हतं. रोपं आजारी पडायला तयारच नव्हती.

हे काम ऐकायला उफराटं वाटतं, पण त्याला अर्थ होता. कुणीतरी नवं वाण घेऊन यायचं आणि छाती पुढं काढून सांगायचं, आमच्या काकडीला भुरी लागत नाही. आता ती खरंच लागत नाही, की बिचारीची भुरीशी कधी गाठच पडलेली नाही, हे ठरवायचं कसं? तर त्या वाणाच्या शेजारी एक जुनं, नाजूक वाण लावायचं. भुरी नुसती जवळून गेली तरी अंग टाकणारं. बाई त्याला रडकी म्हणत. दोघींना एकाच दिवशी, एकाच हातानं रोग द्यायचा. रडकी पांढरीफटक पडली आणि नवी हिरवीगार राहिली, तर नवी पास. पण रडकीसुद्धा हिरवीगार राहिली, तर अख्खी चाचणी केराच्या टोपलीत. कारण मग नवीत दम आहे की भुरीतच दम नव्हता, हे सांगणार कोण?

आणि रडकी हिरवीगार राहिली होती. एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा.

बाईंच्या डोक्याचा भुगा झाला. पहिल्यांदा त्यांनी भुरीला शिव्या घातल्या. भुरी मेलेल्या पानावर जगत नाही, तिला जिवंत पानच लागतं, म्हणून इमारतीच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत बाई ती रोपांवरच पाळायच्या. ती खोली नीट चालली होती. तिथली रडकी रोपं पिठात लोळून आल्यासारखी पांढरी होती. म्हणजे बी तेच, भुरी तीच, हात तेच. तिकडे रोग धो धो लागायचा आणि इकडे चाचणीच्या खोलीत त्याच भुरीचा ब्रश पानावरून फिरवला, की पानं जणू अंग झटकून उभी राहायची. एखादा पांढरा ठिपका यायचा, तोही पाहुण्यासारखा, बसू की नको करत.

“अगं, पड ना आजारी!” बाई रोपांवर खेकसायच्या. “तुला दुसरं काम काय आहे?”

रोपं बुटकी होती, पानं जाड होती आणि एकूण चेहरा, रोपांना चेहरा असतो असं धरलं तर, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायासारखा होता. बाईंना हे दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता, आणि अर्थ लागत नसला की बाईंचं पित्त खवळायचं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक उद्योग केला. अशक्त माणसाला रोग लवकर धरतो, तर रोपालाही धरेल, असा हिशेब करून रडकीचं पाणी तोडलं. रोपांनी माना टाकल्या. मॅडमना त्यांच्या ऑफिसात बसल्या बसल्या चाचणीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात ते दिसलं आणि फोन खणखणला. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. वयानं बाईंपेक्षा बऱ्याच लहान, हुशार आणि घाईच्या.

“बाई, पाणी कुणी तोडलं?”

“मी. म्हटलं जरा नरम पडतील.”

“तहानेचं एक वेगळंच हार्मोन असतं हो झाडाला! ते वाढलं की झाड सगळाच कारभार बदलून टाकतं. आता भुरी लागली असती तरी ती तुमच्या उपासमारीमुळं की आणखी कशामुळं, कसं सांगणार होतो आपण? भरा पाणी.”

बाईंनी पाणी भरलं. रोपं तासाभरात ताठ झाली. बाईंना ती आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटलं.

आता या सगळ्यात बाईंची एक दुखरी नस होती, आणि ती चाचणीच्या खोलीला लागून असलेल्या छोट्या खोलीत एका खुर्चीवर बसलेली असायची. ते म्हणजे त्यांचे वडील, आप्पा.

आप्पा आयुष्यभर बस चालवत आले. निवृत्त झाले, पण स्टिअरिंग सोडलं नाही, इतकंच की आता समोर बस नव्हती, मुलगी होती. कुठून वळावं, कुठं थांबावं, भाजी कशी चिरावी, कुलूप कसं लावावं, सगळ्या बाबतीत आप्पांचं तोंड चालू. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता, आणि उजवा, आप्पांच्या म्हणण्याप्रमाणं, डाव्याच्या संगतीनं बिघडला होता. घरात दोघंच. भाऊ दुसऱ्या शहरात. काही महिन्यांपूर्वी बाई कामावर असताना आप्पा न्हाणीघरात पडले आणि संध्याकाळी बाई घरी येईपर्यंत तिथंच पडून राहिले. बाईंनी दार उघडलं तेव्हा ते थंडीनं काकडत होते आणि तशातही म्हणाले, “उशीर केलास. सिग्नलला अडकली होतीस का?”

त्यानंतर भावाचे फोन सुरू झाले. एक चांगली जागा बघितली आहे, स्वच्छ आहे, नर्स असते, बरोबरीची माणसं असतात. जागा खरोखरच चांगली असेल. पण आप्पांनी ते ऐकलं आणि जेवण अर्धवट टाकून ते उठले. एकदाही ओरडले नाहीत, नुसते उठले. बाईंना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पांना रिक्षात घातलं आणि कामावर नेलं.

बाहेरच्या माणसाला इमारतीत घ्यायची परवानगी अर्थातच नव्हती. पण त्या टोकाला फिरकतो कोण? गेटवरचा पहारेकरी बाईंना मानायचा, त्यानं कानाडोळा केला. मॅडम यायच्या त्या आधी फोन करून, म्हणजे तेवढ्या वेळात आप्पांना पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये नेऊन बसवता यायचं. बाकी दिवसभर ते त्या छोट्या खोलीत, मशीनच्या उबेला, खुर्चीत. पाय समोरच्या रिकाम्या क्रेटवर. काचेतून बाई दिसत राहायच्या. एवढीच त्यांची अट होती, मुलगी दिसली पाहिजे. दिसली की सूचना देता येतात.

“अगं, कुंडी कडेला ठेवलीस! पडेल!”

“पडत नाही, आप्पा.”

“पडल्यावर सांगू नकोस मग.”

दिवसातून तीन-चारदा ते खिशातली डबी काढायचे आणि गुडघ्यांना मलम चोळायचे. कुठल्याही दुकानात मिळणारं साधं मलम, थंड झोंबणारं, वासानं नाक मोकळं करणारं. बाईंच्या घराला तो वास इतका मुरला होता की बाईंना तो आता येईनासाच झाला होता. चाचणीच्या खोलीत जाताना बाई कपडे बदलायच्या, हात घासून धुवायच्या, जंतुनाशकाच्या पाण्यात चपला बुडवायच्या. नको तो रोग आत जाऊ नये म्हणून दाराला रबर होतं, फटींना पट्ट्या होत्या. ताजी हवा तेवढी त्या छोट्या खोलीतूनच जायची. वर भिंतीत एक पंखा होता, तो दिवसभर घरघरत आप्पांच्या डोक्यावरची हवा ओढून रोपांकडे सोडायचा. रोग आत शिरू नये याची काळजी सगळ्यांनी घेतली होती. तब्येत आत शिरेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दुसरी चाचणी फुकट गेली तेव्हा मॅडमनी बाईंना मुख्य इमारतीत बोलावलं आणि स्पष्टच सांगितलं. “बाई, वरून दबाव आहे. तिसरी चाचणी फसली तर त्या खोल्या आपल्याकडून काढून घेणार. तुमची नोकरी राहील, काळजी नको. तुम्ही इकडे चौथ्या मजल्यावर याल, सगळ्यांच्यात. टेबल मिळेल, खिडकी मिळेल. तिथं एकट्या पडलेल्या असता, त्यापेक्षा बरंच.”

मॅडमना वाटलं, आपण धीर देतो आहोत. बाईंनी वेगळाच हिशेब केला. चौथ्या मजल्यावर, सगळ्यांच्यात, टेबलाशेजारी आप्पांची खुर्ची कुठं ठेवणार? खोल्या गेल्या की आप्पा गेले. भावाची ती स्वच्छ जागा तयारच होती.

तिसऱ्या खेपेची रोपं उगवून आली, तीही तशीच, बुटकी आणि गुर्मीत. त्यात आणखी एक नवं. कुठून तरी चार-दोन अळ्या खोलीत शिरल्या आणि रडकीच्या पानांवर अशा तुटून पडल्या, की पानांची चाळण झाली. भुरीला दाद न देणारं रोप अळीपुढं साफ लोळण घेत होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. एकाशी वाघ आणि दुसऱ्याशी शेळी, ही कुठली तऱ्हा? त्यांनी मॅडमना फोन केला, जरा तावातच.

“मॅडम, तुम्हीच या आणि बघा. माझे हात टेकले.”

मॅडमनी पानांचे तुकडे मागवून घेतले, रसायनवाल्यांकडे पाठवले आणि निकाल आला त्या दिवशी फोन करून तडक टोकाच्या इमारतीकडे निघाल्या. आप्पांना केबिनमध्ये पोचवता पोचवता बाईंची त्रेधा उडाली. आप्पा वाटेत तीनदा थांबले आणि प्रत्येक वेळी म्हणाले, “ढकलू नकोस, गियरमध्ये आहे.”

मॅडम छोट्या खोलीत आल्या आणि नेमक्या आप्पांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची अजून गरम असेल या विचारानं बाईंना घाम फुटला.

“बाई, तुमची रडकी आता रडकी राहिलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “नीट ऐका. झाडाला पळता येत नाही. मग संकट आलं की ते आतल्या आत निरोप फिरवतं. भुरीसारखी बुरशी आली, पान जिवंत ठेवून त्याचा रस पिणारी, की एक हार्मोन वाढतं. सॅलिसिलिक ॲसिड. ते झाडभर सांगत सुटतं, सावध व्हा, भिंती जाड करा. अळीनं पान कुरतडलं की निरोप्या वेगळा, जास्मोनिक ॲसिड. आणि पाणी तोडलं की तिसराच, ॲबसिसिक. तो पानांची बारीक भोकं मिटून घेतो, ओल बाहेर जाऊ नये म्हणून. आणि या निरोप्यांचं आपसात फारसं पटत नाही. पहिल्यानं आरडाओरडा चालवला की दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही.”

“आमच्या घरासारखंच,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या रडकीच्या पानात पहिला निरोप्या केव्हाचा ओरडतोय. सॅलिसिलिक इतकं वाढलंय, की भुरी यायच्या आधीपासूनच ती लढायला उभी आहे. सगळी ताकद बंदोबस्तात गेली, म्हणून रोप बुटकं. आणि अळीचा निरोप्या दबला, म्हणून अळ्यांची चैन. सगळं जुळतं. एकच जुळत नाही.”

“काय?”

“भुरी यायच्या आधी हिला भुरीची खबर दिली कुणी?”

बाईंनी आप्पांचा क्रेट पायानं हळूच मागं सरकवला.

“शेजारचं झाड आजारी असतं तर समजलं असतं,” मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “आजारी झाड याच ॲसिडचं एक उडून जाणारं रूप हवेत सोडतं. वासच म्हणा ना. शेजाऱ्यांच्या पानांत तो वास शिरला, की त्याचं पुन्हा सॅलिसिलिक होतं, आणि शेजारी काही झालेलं नसताना सावध होतात. पण इथं तर आजारी झाड...”

त्या थांबल्या. त्यांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं, मग पुन्हा हुंगलं. वर घरघरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि मग बाईंकडे.

“बाई, तुमचे गुडघे दुखतात का?”

बाईंचे गुडघे ठणठणीत होते. पण त्या बोलायच्या आधीच त्यांचं तोंड बोलून गेलं. “हो. फार.”

“मलम लावता?”

“लावते.”

“इथं बसून?”

“इथं बसूनच लावते.”

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. “त्या मलमाचा जो वास आहे ना, बाई, तोच हा पदार्थ. अगदी तोच! दोन-अडीच महिने मी तापमान बघतेय, दिवे बघतेय, पाणी तपासतेय, भुरी बदलायला निघाले होते मी! आणि तुम्ही इथं बसून रोज आख्ख्या खोलीला भुरीची खोटी खबर देताय!”

त्या रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग रास्त होता. बाईंना उलट बोलायची सवय होती, पण आज त्या मुकाट ऐकून घेत राहिल्या. आपण न लावलेल्या मलमाबद्दल बोलणी खाणं एका परीनं सोपं होतं. मॅडमनी फर्मान काढलं. ही रोपं टाकून द्या, खोली धुऊन घ्या, नवी रोपं लावा. मुदत वाढवून घेईन, पण ही शेवटची. आणि मलम बंद. इथं बंद आणि घरीही बंद, कारण तो वास कपड्यांना राहतो, केसांना राहतो.

“दुखलं तर गोळी घ्या. पण मलम नाही. कबूल?”

“कबूल,” बाई म्हणाल्या. दुसऱ्याचे गुडघे त्यांनी असे परस्पर कबूल करून टाकले.

घरी गेल्यावर जे झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

“आप्पा, डबी द्या.”

“कसली डबी?”

“मलमाची. द्या इकडे. तुमच्या मलमामुळं माझी झाडं आजारी पडत नाहीयेत.”

आप्पांनी आधी हे नीट समजून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे माझ्या औषधानं तुझी झाडं ठणठणीत राहिली? अगं, मग मला पगार चालू करा की!”

“आम्हाला ती आजारीच पाहिजेत, आप्पा!”

“ही कसली गं नोकरी तुझी? मी आयुष्यभर माणसं सुखरूप पोचवली. आणि माझी मुलगी चांगल्या धडधाकट झाडांना रोग लावते, आणि लागला नाही म्हणून रडते.”

“लागला नाही तर खोली जाईल माझी!”

“जाऊ दे. वर घेताहेत ना तुला? खिडकी मिळेल.”

“आणि तुम्ही?” बाई ओरडल्या. “तुम्हाला कुठं ठेवू मी? खोली गेली की दादानं बघितलेली जागा आहेच. मग बसा तिथं दिवसभर चोळत! डब्यांच्या डब्या चोळा!”

हे बोलायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. आप्पांनी खिशात हात घातला, डबी काढून टेबलावर ठेवली आणि भिंत धरत धरत आपल्या खाटेकडे गेले.

त्या दिवसापासून आप्पा बोलायचे बंद झाले. म्हणजे हो, नाही, पाणी, एवढं. कुंडी कडेला ठेवली तरी ते काही बोलेनात. रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत रिक्षा घातली तरी गप्प. बाई खोली धुऊन घेत होत्या, पंख्याची जाळी घासत होत्या, आप्पांचे सगळे कपडे, चादरी, उशीचे अभ्रे गरम पाण्यात उकळत होत्या, खुर्चीसुद्धा नवी आणली. आप्पा त्या नव्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे आणि काचेतून बघायचे. डोक्याला ताप नको म्हणून बाईंनी आयुष्यभर जिची वाट पाहिली ती शांतता अखेर मिळाली होती, आणि ती त्यांना असह्य होत होती. रुसलेत, त्या मनाशी म्हणायच्या. रुसू देत. ज्याच्यासाठी मी खोटं बोलले, बोलणी खाल्ली, तोच तोंड फिरवून बसतो म्हणजे कमाल झाली. गोळी दिली की आप्पा मुकाट्यानं गिळायचे. “दुखतंय का?” विचारलं तर म्हणायचे, “नाही.” आप्पा दुखत नाही म्हणताहेत, यावरून बाईंना शंका यायला हवी होती. पण बाईंना राग आलेला होता, आणि रागावलेल्या माणसाला स्वतःपलीकडचं फारसं दिसत नाही.

नवी रोपं उगवली. उंच, सडपातळ, पातळ पानांची. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. ही खरी रडकी. एका सकाळी त्यांनी दुसऱ्या टोकाच्या खोलीतून भुरीनं माखलेली पानं आणली, मऊ ब्रश त्यांवर टेकवला आणि एकेका पानावरून हलक्या हातानं फिरवला, रडकीवर आणि नव्या वाणावरही, अजिबात दुजाभाव न करता. आप्पा काचेपलीकडून बघत होते. बाहेर आल्यावर बाईंना वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील, ब्रश धरायची पद्धत चुकली म्हणतील. आप्पांनी फक्त विचारलं, “किती दिवस लागतात?”

“आठवडाभर. जरा कमी-जास्त.”

आप्पांनी मान हलवली.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. रोज सकाळी आत जायचं, पानं उजेडाकडे धरायची, काही नाही. बाहेर यायचं, तर आप्पांची नजर दारावर. बाई मान हलवायच्या, आप्पा नजर खाली घालायचे. एकदा बाईंना दिसलं की आप्पा खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरून बसलेत, की बोटं पांढरी पडलीत. “उठायचंय का?” बाईंनी विचारलं. “नाही,” आप्पा म्हणाले. बाई चिडून निघून गेल्या. अजून राग गेला नाही म्हातारबुवांचा!

मग एका सकाळी रडकीच्या खालच्या पानावर पिठाचा एक ठिपका दिसला. शेजारच्या पानावर दोन. दुपारपर्यंत बाईंनी प्रत्येक रोप उलटंसुलटं करून बघितलं. सगळीकडे. बारीक, गोल, पांढरे. आणि शेजारी नवं वाण, स्वच्छ हिरवं. बाईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला.

“मॅडम, लागली! सगळ्या रडक्यांना लागली!”

“कॅमेऱ्यात बघतेय, बाई, बघतेय मी!” मॅडमचा आवाज चढला होता. “मी आत्ता वर कळवते. खोल्या आपल्याच राहणार. पुढची वाणं रांगेत आहेत, लगेच बी टाकायला घ्या. आणि बाई, तुमच्या गुडघ्यांची शपथ आहे तुम्हाला, मलम नाही हं!”

बाई बाहेर आल्या. आप्पा दाराकडेच बघत होते.

“लागली का गं?”

“लागली, आप्पा. खोली राहिली.”

आप्पांनी डोळे मिटले. कपाळावर घाम होता. मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक डबी काढली. नवी कोरी, झाकणावरचा प्लॅस्टिकचा पट्टासुद्धा तसाच. ती त्यांच्याजवळ केव्हापासून होती कोण जाणे. डबी तळहातावर धरून त्यांनी मुलीकडे बघितलं.

“मग आता उघडू का?”

हा माणूस रुसलेला नव्हता. सगळे दिवस खिशात औषध ठेवून, दात दाबून, तो इथं बसला होता. आपल्याला त्या जागी पाठवतील म्हणून, आणि पोरीची खोली जाईल म्हणून. आणि आपण त्याला म्हणालो होतो, डब्यांच्या डब्या चोळा. बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

“इथं नको,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पुढची रोपं लावायचीत.”

“बरं,” आप्पा म्हणाले आणि डबी परत खिशात घालू लागले.

आप्पा बरं म्हणाले. आप्पांच्या तोंडून हा शब्द बाईंनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी खुर्ची उचलली, दुसऱ्या हातानं आप्पांना धरलं, आणि दोघं बाहेर पडली. गोदाम ओलांडून, आवाराच्या पार पलीकडच्या भिंतीशी, जिथून वारा इमारतीकडे येत नाही अशा जागी, उन्हात. तिथं पोचायला बराच वेळ लागला. बाईंनी एकदाही घाई केली नाही. परत जाताना आपल्याला आंघोळ करावी लागेल, कपडे बदलावे लागतील, केस धुवावे लागतील, आप्पांना आज केबिनमध्येच बसवावं लागेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं, आणि त्या मातीत फतकल मारून बसल्या. डबीचा पट्टा त्यांनी दातांनी तोडला, आप्पांची विजार गुडघ्यावर सारली आणि मलमाची दोन बोटं भरून घेतली. गुडघा सुजून टम्म झाला होता.

आप्पांनी पहिल्यांदा लांब श्वास सोडला. बाई चोळत राहिल्या.

“जोर लाव की जरा,” शेवटी आप्पा म्हणाले. “हात आहेत का कापूस? आणि गोल गोल काय फिरवतेस, सरळ वर घे. तुला साधं चोळतासुद्धा येत नाही.”

“नाही येत,” बाई म्हणाल्या. “सांगा कसं ते.”

आणि आप्पा सांगू लागले.